बाईंचं पातेलं

इटलीत सव्वा वर्ष राहून रोम, व्हेनिस आणि पिसाचा कलता मनोरा यांपैकी एकही गोष्ट न पाहता परत आलेला, आणि तरीही उरलेल्या जगाला इटली कशी पाहावी हे शिकवायला बसलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो नात्याने माझ्या आत्याच्या धाकट्या दिराचा साडू लागत होता. एवढं लांबलचक नातं रोज उच्चारणं शक्य नसल्यामुळे मी त्यांना काका म्हणत असे, आणि मी म्हणतो म्हणून कोलोनमधली सगळी मराठी पोरं त्यांना काका म्हणत. सगळी म्हणजे आम्ही सातजण. कोणी तांत्रिक विद्यालयात शिकत होता, कोणी कारखान्यात उमेदवारी करत होता, आणि रविवारी दुपारी सातहीजण काकांच्या खोलीत पिठलं-भात खायला हजर असत.

काका साताऱ्याकडच्या एका पंपांच्या कारखान्यात भांडारप्रमुख होते. त्या कारखान्याने कोलोनच्या एका कंपनीशी करार केला आणि सुटे भाग पारखून, खोक्यांत भरून मुंबईच्या बोटीवर चढवायला एक खात्रीचा माणूस हवा म्हणून काकांना इकडे धाडलं. माणूस इतका खात्रीचा होता की त्यांच्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असे. छत्रीला ‘छत्री’, कोटाला ‘कोट, हिवाळी’, आणि खोलीतल्या एकुलत्या एक स्टुलाला ‘बसण्यासाठी, पाहुणे’. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चुकून खाटेवर बसलो, तर काकांनी स्टुलाची चिठ्ठी माझ्याकडे वळवून धरली. जर्मन त्यांना फार येत नव्हतं, पण ‘गेनाऊ’ हा शब्द त्यांच्या जिभेवर बसला होता. बरोबर, असं का, बघू पुढे आणि आता निघा, या सगळ्याला ते गेनाऊ म्हणत. त्यामुळे कारखान्यातल्या लोकांचा असा समज झाला होता की हा हिंदी गृहस्थ प्रत्येक बाबतीत आपल्याशी सहमत असतो.

ही शिस्त मिलिटरीतली होती. लढाईच्या काळात काका फौजेच्या पुरवठा खात्यात कारकून होते आणि शेवटचं सव्वा वर्ष त्यांनी इटलीत, फ्लॉरेन्सच्या वरच्या डोंगरांत काढलं होतं. लढाईनंतर दहा-बारा वर्षांनी, आम्ही कोलोनमध्ये होतो तेव्हा, उन्हाळा लागला की जो तो इटलीकडे धाव घेई. शेजारीपाजारी छोट्या मोटारींच्या टपावर तंबू बांधून आणि आत बटाटे भरून निघत, आणि त्यांचं पाहून आम्हालाही इटलीचे डोहाळे लागत. कोणी निघतोय असं कळलं की काका त्याला बोलावून घेत, स्टुलावर बसवत आणि कुठे राहायचं, कुठे जेवायचं, काय बघायचं, हे सांगायला सुरुवात करत. राहण्याच्या जागांची त्यांची प्रतवारी छपरावर ठरे. पहिल्या प्रतीची जागा म्हणजे अजिबात गळत नाही ती. अशी सबंध इटलीत एकच, एका चर्चचं धान्याचं कोठार. दुसऱ्या प्रतीची म्हणजे गळते, पण बादली ठेवायला जागा आहे अशी. जेवायला उत्तम ठिकाण म्हणजे जिथे आपल्या आधी दुसरी पलटण येऊन गेलेली नाही ते. प्रेक्षणीय स्थळांत एक झरा होता, जो कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे, आणि एक भिंत होती, जिच्याआड सकाळी दहा ते बारा पाठीवर ऊन घेत बसलं तरी समोरच्या डोंगरावरून कोणाला दिसत नसे. ती भिंत चुकवू नका, असं ते पुन्हा पुन्हा बजावत. फ्लॉरेन्सच्या पुतळ्यांबद्दल कोणी विचारलंच, तर ते सगळे तेव्हा वाळूच्या पोत्यांमागे होते, एवढंच सांगत.

मग ते नकाशा काढून देत. पंपांचे भाग ज्या तपकिरी कागदात गुंडाळले जात त्याच्या पाठीवर काढलेला हा नकाशा अगदी प्रमाणबद्ध असे, फक्त तो चव्वेचाळीस सालचा असे. पडक्या पुलापाशी डावीकडे वळा, जळका रणगाडा लागला की ओढ्याच्या काठाने वर चढा, अशा त्यावर सूचना असत. कोल्हापूरचा एक विद्यार्थी, फार आज्ञाधारक, खरोखरच तो कागद घेऊन गेला आणि दिवसभर पडका पूल शोधत हिंडला. हा परदेशी माणूस ज्याला त्याला हातवारे करून पूल मोडण्याबद्दल काहीतरी विचारतोय, हे पाहून शेवटी पोलिसांनी त्याला हटकलं. पूल केव्हाच नव्याने बांधला गेला होता आणि त्याच्या तोंडाशी पेट्रोलपंप आला होता. हे ऐकून काकांनी पुलाच्या जागी बोट ठेवून नकाशा पुन्हा तपासला. मग म्हणाले, “पूल बांधला ते ठीक आहे. पण आता वळायचं कुठे हे लोकांना कळणार कसं?”

काकांच्या या इटलीच्या मधोमध एक बाई होत्या. काका त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. डोंगरावर त्यांचं घर होतं, नवरा नव्हता, पदरी मुलं होती. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात काकांच्या तुकडीचं स्वयंपाकघर बाईंच्या गोठ्यात होतं. बाईंना मराठी येत नव्हतं आणि काकांना इटालियन, तरी दोघांच्या तासनतास गप्पा चालत, असं काकांचं म्हणणं होतं. बाई तांब्याच्या मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाचा घाटा ढवळत आणि काका त्यांना पिठलं शिकवत. त्याच हिवाळ्यात काकांना न्यूमोनिया झाला. दवाखान्याची गाडी बर्फात अडकून पडली, तेव्हा बाईंनी त्यांना आपल्या चुलीशेजारी आणून निजवलं आणि आठ दिवस चमच्याने पेज पाजली. “घरात पोरांनाच पुरत नव्हतं रे,” काका सांगत, “आणि मला आधी.” काका उठून हिंडू लागले आणि त्याच आठवड्यात पहाटे हुकूम आला. तुकडी घाईघाईने हलली, आणि पन्नास मैलांवर सामान उतरवताना काकांना दिसलं की बाईंचं पातेलं आपल्या लॉरीत आलं आहे. निरोप घ्यायचा राहिला तो राहिलाच, वर पातेलं पळवल्यासारखं झालं. लढाई संपल्यावर काका ते साताऱ्याला घेऊन गेले आणि काकूंना त्यात एकदाही काही शिजवू दिलं नाही. कोलोनला यायचं ठरलं तेव्हा दोन कोट घरी ठेवून त्यांनी पातेलं बरोबर घेतलं, कारण कोलोन साताऱ्यापेक्षा इटलीला जवळ. पातेल्याच्या कडीला चिठ्ठी होती: ‘बाईंचं. परत द्यायचं.’

मग इतके दिवस दिलं का नाही, असं मी एकदा विचारलं. काकांची पहिली अडचण कल्हईची होती. दुसऱ्याचं तांब्याचं भांडं परत द्यायचं तर कल्हई करून द्यायचं, यात त्यांना चर्चा करण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि कोलोनमध्ये कल्हईवाला नव्हता. शेवटी ती कारखान्यातच झाली. काकांच्या विभागाचा माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, लढाईत त्याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर होता. हे कळल्या दिवसापासून दोघांची अशी गट्टी जमली होती की जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून डोंगराच्या कुठल्या अंगाला पाऊस जास्त होता यावर ते वाद घालत. तुमच्याकडून कांदा परतल्याचा वास आला की आमची सगळी फौज हळवी व्हायची, असं माइस्टर सांगे आणि काका समाधानाने गेनाऊ म्हणत. त्याने भट्टी पेटवून दिली, काकांनी नवसागर टाकला, पांढऱ्या धुराने अर्धा विभाग खोकत अंगणात आला, आणि पातेलं आतून चांदीसारखं झालं.

दुसरी अडचण मोठी होती. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं कोणी रिकामं परत देत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. पण ज्या बाईंनी जीव वाचवला त्यांच्या, तेरा वर्षं ठेवून घेतलेल्या पातेल्यात काय घालायचं, हे काकांना काही केल्या सुचत नव्हतं. आणि तिसरी अडचण त्यांनी एकदाच, खाली बघत सांगितली. “त्यांना वाटलं असेल, पोरगं बरं झालं आणि भांडं घेऊन पळालं. तोंड कसं दाखवू?”

अठ्ठावनच्या उन्हाळ्यात मी आणि माझा खोलीतला सोबती, अमरावतीचा, इटलीला जायला निघालो तेव्हा काकांचं ठरलं. काकूंनी कापडात शिवून पाठवलेल्या पार्सलात हरभरा डाळीचं पीठ होतं. काकांनी जर्मन लोणी कढवून तूप केलं आणि घरमालकीणबाईंनी तीनदा दार ठोठावून वास कसला हे विचारलं तरी न डगमगता एक्कावन्न बेसनाचे लाडू वळले. ते पातेल्यात रचून वर पांढरं फडकं बांधलं. “तुम्ही आधी जा,” ते म्हणाले. “पातेलं द्या, आणि बाई रागावल्यात का तेवढं बघून या. नसतील, तर नाताळच्या रजेत मी जातो आणि पायांवर डोकं ठेवून येतो.”

पातेलं इतकं मोठं होतं की कडीला दोघांनी धरून न्यावं लागे. फ्लॉरेन्सपर्यंतचा प्रवास लांबचा होता आणि आमच्याजवळ खायला कोरड्या पावाशिवाय काही नव्हतं. बॉन मागे पडल्यावर सोबत्याने शंका काढली की एखादा लाडू फुटला असेल तर तो तसाही देता येणार नाही, बघायला हवं. दोन फुटलेले निघाले. बाझलला सीमेवरच्या अधिकाऱ्याने पातेल्यात काय आहे असं विचारलं, तेव्हा त्याची खात्री पटावी म्हणून एक त्याला दिला आणि संकोच नको म्हणून एकेक आम्ही खाल्ला. राहिले सेहेचाळीस. हा आकडा काही बरा दिसत नाही, तेव्हा चाळीस करावेत असं ठरलं. मिलानला आम्ही एकवीसवर आलो होतो, कारण एकवीस शुभ असतात. बोलोन्याला अकरा उरले. एवढ्या मोठ्या पातेल्याच्या तळाशी अकरा लाडू इतके केविलवाणे दिसायला लागले की ते न देण्यातच जास्त सभ्यता आहे यावर आमचं एकमत झालं. अशा रीतीने पातेलं फ्लॉरेन्सला उतरलं तेव्हा रिकामं होतं, आणि रिकामं भांडं कोणी परत देत नाही.

पुढचे आठ दिवस फार सुंदर गेले, हे सांगायला मला आजही लाज वाटते. स्टेशनजवळच्या एका घरगुती लॉजमध्ये चौथ्या मजल्यावर आम्हाला खोली मिळाली. खिडकीतून लाल कौलांची छपरंच छपरं दिसत, आणि एकही गळत नसावं. खालच्या गल्लीत गाडीवाले आणि हमाल जेवत अशी एक जागा होती, तिथे पांढऱ्या घेवड्याचं कढण आणि त्यात कुस्करलेला शिळा पाव, वर ऑलिव्हचं हिरवं तेल. तसं जेवण मी नंतर पुष्कळ महागड्या ठिकाणी शोधलं आणि मला ते मिळालं नाही. आम्ही पुतळे पाहिले, बागा पाहिल्या, पिसाला जाऊन मनोऱ्यावर चढलो. उद्या बाजारातून थोडी मिठाई घ्यायची, पातेल्यात घालायची आणि बाईंकडे जायचं, असं रोज संध्याकाळी ठरे. डोंगराकडची बस सकाळी सातला सुटत असे आणि आम्ही रोज नऊला उठत असू. शेवटच्या दिवशी पातेलं लॉजच्या मालकिणीकडे ठेवलं, पुन्हा येऊ अशी खूण केली आणि गाडी पकडली.

कोलोनच्या प्लॅटफॉर्मवर काका उभे होते. ते घ्यायला येतील असं आम्हाला वाटलंच नव्हतं. त्यांनी प्रवासाचं विचारलं नाही, तब्येतीचं विचारलं नाही. “रागावल्यात का रे?” एवढंच म्हणाले. मी म्हणालो, “छे, उलट तुमची फार आठवण काढली.” हे वाक्य आपल्याकडे कोणीही कोणालाही सांगतो. गावाहून आलेला माणूस न भेटलेल्यांचेही नमस्कार पोचवतो आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. मी तिथेच थांबलो असतो तर निभावलंही असतं. पण काकांचा चेहरा असा उजळला की मला आणखी काही द्यावंसं वाटलं. बाई ठणठणीत आहेत, म्हणालो. केस पिकलेत, पण पाठ ताठ आहे. लाडू दुधात कुस्करून खाल्ले. आणि तुम्ही नाताळात येणार म्हटल्यावर म्हणाल्या, बर्फात कशाला धडपडतोस, सवडीने ये, मी कुठे पळून जातेय.

काकांनी चष्मा काढून पुसला. “बाई म्हणाल्या ना, मग घाई नाही,” ते म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर घाई केली नाही. नाताळची रजा त्यांनी दुसऱ्या एकाला देऊन टाकली. पुढच्या उन्हाळ्यात मुंबईला मोठा माल जायचा होता, तोही त्यांनी आनंदाने अंगावर घेतला. इतका मोकळा झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते जिन्यावर शीळ घालत चढत. बाईंकडे गेल्यावर काय काय बोलायचं, हे आम्हाला सांगत. मी दर रविवारी ठरवत असे की आज खरं सांगायचं, आणि दर रविवारी पिठलं जेवून, हात धुऊन परत येत असे. पहिल्या महिन्यात जे सांगणं अवघड होतं ते सहाव्या महिन्यात अशक्य झालं. सोबत्याने एकदा सुचवलं की चिठ्ठी लिहून दाराखाली सरकवू. आम्ही ती लिहिली, आणि मीच फाडून टाकली.

साठ सालच्या ईस्टरला काका निघाले. मी त्यांना थंडीची भीती घातली, गर्दीची घातली, काही उपयोग झाला नाही. उतरायची जागा मात्र त्यांनी मला विचारली नाही. दोन वर्षांपूर्वी मी ज्या लॉजची एवढी तारीफ केली होती त्याचा पत्ता त्यांनी तेव्हाच चिठ्ठीवर उतरवून ठेवला होता. गाडी हलली तेव्हा मी खिडकीबरोबर चार पावलं धावलो. काकांना वाटलं मी हात हलवतोय. त्यांनीही हलवला.

दहा दिवसांनी ते परत आले आणि रविवारी नेहमीसारखी पंगत बसली. सगळ्यांनी एकदम विचारायला सुरुवात केली. काका भात वाढत म्हणाले, “बाई भेटल्या. बऱ्या आहेत. पातेलं पोचलं म्हणाल्या.” माझ्या सोबत्याने ताटातून मान वर केली नाही.

जेवणं झाल्यावर ते मला एकट्याला घेऊन ऱ्हाइनच्या काठाने चालायला निघाले. ऊन चांगलं होतं, लोक मुलांना घेऊन बाहेर पडले होते. पातेलं लॉजच्या दारातच होतं, काकांनी सांगितलं, त्यात छत्र्या ठेवल्या होत्या. त्यांनी ते मागून घेतलं, धुतलं, साखरेने भरलं आणि सातच्या बसने डोंगरावर नेलं. बाई आदल्या ऑक्टोबरात वारल्या होत्या. आम्ही मनोऱ्यावर चढलो तेव्हा त्या होत्या. त्या नाताळात होत्या, आणि पुढचा सबंध उन्हाळाही दारात खुर्ची टाकून बसत होत्या. घरात आता सून होती. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि हे आमचं नव्हे म्हणाली, कारण त्यांच्याकडे घाट्याच्या पातेल्याला कल्हई करतच नाहीत. बाईंनी नुसत्या कडीवरून ओळखलं असतं. शेवटी सुनेने ते एका परक्या माणसाने दिलेली भेट म्हणून ठेवून घेतलं आणि त्यांना कॉफी पाजली.

मी बोलायला तोंड उघडलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“लाडू कसे झाले होते रे?”

“छान झाले होते,” मी म्हणालो.

“बेसन कच्चं राहिलं की काय, अशी मला धाकधूक होती.” मग थोडं चालून गेल्यावर म्हणाले, “तुम्हाला वाटेत खायला वेगळं बांधून द्यायला हवं होतं. एवढा लांबचा प्रवास, आणि बरोबर नुसता लाडवांचा वास. माझंच चुकलं.”

ते एकदा ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी ओरडायचं मनावर घेतलं नाही, आणि मी त्याचा आडोसा घेतला. पुलापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. त्यानंतर कोणी इटलीला निघाला तर काका त्याला स्टुलावर बसवत नसत. पिसाचा मनोरा चांगला आहे म्हणतात, एवढंच सांगत. पुढच्या वर्षी ते साताऱ्याला परतले. मला त्यांची पत्रं येत, त्यात माझ्या नोकरीची, लग्नाची, मुलांची चौकशी असे. त्या प्रत्येक पत्राला मी उत्तर लिहिलं, आणि प्रत्येक उत्तरात आज तरी लिहू म्हणून एक ओळ मोकळी सोडली. काका, माझ्यामुळे तुमची आणि बाईंची भेट राहिली, एवढं एकच वाक्य होतं. ते मी लिहिलं नाही, आणि आता ते वाचायला काका नाहीत.